चारीपलीकडची माणसं

रतनबाईनं सुनेचा सदरा अंगात चढवला, डोक्याला फडकं घट्ट बांधलं आणि ती कोपीतून, पाचटाच्या झोपडीतून बाहेर पडली. ऊसतोडीच्या बाया लुगड्यावर पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा सदरा घालतात, म्हणजे पाचटानं हात कापत नाहीत. फडक्यात निम्मं तोंडही झाकलेलं असतं. गाड्या जुंपून टोळी निघाली, तेव्हा त्या सदऱ्यात सून आहे की सासू हे कुणाच्या ध्यानात येणार नाही, अशी तिची अटकळ होती. सून सविता आत गोधडीखाली पडून होती. तिच्या अंगात ताप होता आणि उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती.

ही चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्या वर्षी पावसाळा सरता सरता बीडच्या बाजूला प्लेगची साथ आल्याची बातमी सगळीकडे झाली होती. दिवाळीपर्यंत साथ आटोक्यात आल्याचं रेडिओ सांगू लागला होता. पण ताप आणि जांघेत नाहीतर काखेत गाठ ही प्लेगची खूण, असं आधी त्याच रेडिओवर सांगितलं होतं. लोकांनी आधीचं ध्यानात ठेवलं आणि नंतरचं सोडून दिलं.

रतनबाईचं गाव पाथर्डी तालुक्याच्या अगदी टोकाला. तिथून बीडची हद्द दिसते. लग्न झालं त्याच वर्षी ती नवऱ्यामागे गाडीत बसून कारखान्याला आली. बिभीषण, तिचा एकुलता एक मुलगा, अशाच एका कोपीत जन्मला. नवरा कावीळ होऊन गेला, तोही हंगामातच, घरापासून लांब. आता बिभीषण आणि सविता मिळून एक कोयता झाला होता. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको ही दोन माणसं नसतात, एक कोयता असतो. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं पाला काढून मोळी बांधायची. म्हातारी रतनबाई कोपी राखायची, भाकरी थापायची, बैलांना उसाच्या शेंड्यांचं वाढं घालायची. भीती तिला नवी नव्हती. साप पाहिले होते, पेटलेला फड पाहिला होता. पण ती भीती बाहेरून यायची. आताची घरात निजली होती.

टोळीचा तळ नेवाशाच्या अंगाला, एका गावाच्या शिवेवर पडला होता. कालव्याची एक चारी मधून जायची. अलीकडे यांच्या कोप्या. पलीकडे, एका बागायतदाराच्या कांद्याच्या मळ्याशेजारी, डोंगरातली माणसं उतरली होती, राजूरच्याही वरची. भात काढून झालं की ती खाली कांद्याच्या लागणीला यायची. झाडाच्या फांद्या आणि वर मेणकापड एवढंच त्यांचं घर.

रतनबाई त्यांना माणसात धरत नसे. तिच्या मते आपण परगावी आलो असलो तरी आपल्याला बूड आहे. बैलजोडी आहे, गाडी आहे, मुकादम आहे, कारखान्याला आपल्याशिवाय धुराडं पेटवता येत नाही. गावाकडे कोरडवाहू का होईना, तुकडा आहे. डोंगरातल्यांना ना बैल, ना मुकादम. आठवड्याची मजुरी बाजारच्या दिवशी घ्यायची, मन झालं तर सोमवारी कामावर, नाहीतर गावाला. त्यांनी कुणाची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतलेली नसे, हे तिला त्यांच्या गरिबीचंच लक्षण वाटायचं. ज्याला उचलसुद्धा कुणी देत नाही तो कसला माणूस!

हापशावर तर ती उघड बोलायची. "ए डोंगरवाले, सर मागं. आधी आमची बैलं पितील, मग तुझा हंडा."

चांगुणा नावाची एक काळीसावळी, काटक बाई हंडा बाजूला ठेवून हसायची. "पिऊ दे बाय. बैलांस्नी पुढं दमडी मिळायची नाय, पानी तरी मिळू दे."

"तुला गं काय ठावं बैलाचं?"

"नाय ठावं. आमी सोताच बैल."

बाकीच्या बाया फिसकन हसायच्या आणि रतनबाई आणखी चिडायची.

त्या साली मात्र गावानं पारडं फिरवलं. टोळी बीडकडची, एवढं कळणं पुरे होतं. पाथर्डी बीडमध्ये नाही, नगर जिल्ह्यातच आहे, हे सांगून तोंड दुखलं, पण ऐकतो कोण? हॉटेलात यांना चहा करवंटीत मिळू लागला. गिरणीवाला गोरक्षनाथ तोंडाला उपरणं बांधून यांचं दळण सगळ्यात शेवटी, दिवा लागायच्या वेळी घ्यायचा, आणि डोंगरातल्या बायांना मात्र हाक मारून पुढे बोलवायचा.

"गोरखशेठ, तोंड बांधलं, आता डोळं बी बांधा," रतनबाई एकदा म्हणाली. "आमाला बघून पन लागंल एखाद्या वक्ती."

"मावशे, हसू नको. माझ्या घरात बारकी पोरं हाईत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ घाबरलेपण होतं. रतनबाई दळणाचा डबा ठेवून बाजूला सरली. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

आणि मग सविता आजारी पडली.

गाठ पाहिली तेव्हा रतनबाईनं आधी तिच्यावर गोधडी ओढली. पायाला जखम झाली की जांघेत अवधानाची गाठ येते, हे खेड्यातल्या बाईला सांगावं लागत नाही. तिनं स्वतः जन्मभर कितीतरी अवधानं शेकून बसवली होती. सविताच्या टाचेला थोडे दिवस आधी तोडलेल्या उसाचा टोकदार सड लागला होता, हेही तिला माहीत होतं. पण जखमेचं तोंड मिटलं होतं, वर नुसता काळा ठिपका होता. आणि त्या महिन्यात गाठ म्हटलं की डोक्यात दुसरं नावच येत नव्हतं. अवधान हा ओळखीचा शब्द जणू कुणीतरी तिच्याजवळून काढून घेतला होता.

"आत्याबाई, कुनाला सांगू नगा," सविता म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मला ऱ्हाऊ द्या हितंच. गाडीत घालून न्हेतील वो मला."

"न्हाई सांगत. गप पड."

तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही. फक्त बिभीषणला. तो बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "आये, मुकादमाला कळलं तर?" मुकादमाला कळलं की कारखान्याला कळणार. कारखान्याला कळलं की सगळ्या टोळीला हाकलणार. हाकललेल्या टोळीनं घेतलेली उचल कशी फेडायची? म्हणून रतनबाई सुनेचा सदरा घालून फडात गेली आणि कंबर मोडेपर्यंत मोळ्या बांधत राहिली. मध्येच कुणी हाक मारली, "सविते!" की नुसती मान हलवायची. पाचट सळसळलं तरी तिला वाटायचं, कुणी कोपीकडे धावत निघालं.

अशा रीतीनं दोन-तीन दिवस गेले. ताप उतरला नाही. सविता वेडंवाकडं बडबडू लागली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी रतनबाई चारीवर हातपाय धूत होती. पलीकडच्या काठावर चांगुणा भांडी घासत होती.

"सून कुठं हाये गं तुजी?" तिनं विचारलं.

"मीच की सून. दिसंना का?"

"मळ्यातनं बगते मी, मोळी उचलताना गुडघ्यावर हात ठेवती तू. तरनी बाई ठेवत नाय." चांगुणानं राखेचा हात पाण्यात बुडवला. "काय झालंय तिला?"

रतनबाई धुतलेले पाय पुन्हा धुऊ लागली. हिनं गिरणीवर एक शब्द टाकला की संपलं. इतक्या दिवसांचा हापशावरचा तोरा ही विसरली असेल का? चांगुणा लुगडं गुडघ्यावर खोचून चारी ओलांडून आली आणि सरळ कोपीत शिरली. रतनबाई मागे धावली.

"हात लावू नको! तुज्या पाया पडते, हात लावू नको तिला!"

चांगुणानं गोधडी बाजूला केली होती. तिनं गाठीकडे पाहिलंच नाही, पायाकडे पाहिलं. टाच फुगून चकचकीत झाली होती आणि तिथून एक लाल रेघ पोटरीवर चढत गेली होती.

"ही रेघ कधीपासून?"

"कसली रेघ?" रतनबाईनं विचारलं. ती इतके दिवस गाठच पाहत होती. पायाकडे तिनं परत पाहिलंच नव्हतं.

"माज्या भावाला आल्ती अशीच. कुऱ्हाड लागल्ती. आमी अंगारं लावीत बसलो." चांगुणानं गोधडी परत पांघरली. "उद्या सकाळच्याला न्हेऊ दवाखान्यात."

"जीपवाला घेत न्हाई आमाला."

"मला घेतो की."

पहाटे चांगुणानं आपलं तोकडं लुगडं आणून सविताला त्यांच्या रीतीनं नेसवलं, खांद्यावरून फडकी गुंडाळली. रतनबाईलाही तसंच. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पोटऱ्या उघड्या पडल्या. लाजेपेक्षा भीतीनंच ती अंग चोरत होती. जीपवाल्यानं विचारलं, "कुठल्या गं?" चांगुणा म्हणाली, "राजूरकडच्या. भन हाये माजी." जीपवाल्यानं टपावरची पाटी सरकवावी तसं लोकांना सरकवून त्यांना बसवलं. रस्ताभर रतनबाईनं सुनेच्या तोंडावर हात धरला होता, तापाच्या भरात ती आपल्या गावाचं नाव घेईल म्हणून.

नेवाशाच्या दवाखान्यात ओट्यावर मोठी रांग होती. डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं. चांगुणानं राजूर सांगितलं. डॉक्टरांनी सविताच्या डोळ्यांची पापणी ओढून पाहिली आणि तिला जागं करायला म्हणून विचारलं, "काय हो बाई, राजूरला यंदा पाऊस बरा झाला का?"

सविता म्हणाली, "आमच्या पाथर्डीला कुटला वो पाऊस? मला बीडला न्हेऊ नगा."

रांग हलली. मागची बाई उठून उन्हात जाऊन उभी राहिली. तिनं जाता जाता वळून रतनबाईकडे पाहिलं आणि तिला ओळखलं. ती तळाशेजारच्या गावचीच होती.

रतनबाईनं दोन्ही हात जोडले. "सायेब, ह्या बाईचा काई दोष न्हाई. आमी पाथर्डीच्या. तोडीवाल्या. काय करायचं ती मला करा. सुनंला हाकलू नगा."

"कोण हाकलतंय?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी गाठ चाचपली, पाय उलटा करून टाच दाबली. सविता किंचाळली. "प्लेग नाही हा!" ते सगळ्या ओट्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "पायात सड मोडलाय. आत पू झालाय." मग आवाज खाली आणून रतनबाईला म्हणाले, "फार उशीर केला आजी. विष वर चढतंय. आता काही सांगता येत नाही."

टाच कापली. बोटाच्या पेराएवढा उसाचा तुकडा निघाला, काळा पडलेला. सलाइन लावलं. चांगुणा मळ्यावर परतली. ती सगळी दुपार आणि दुसरा दिवस रतनबाई खाटेच्या पायाशी बसून होती. प्लेगची भीती गेली होती, पण तिच्या जागी ही आली होती, आणि ही आपल्या हातानं आणलेली होती. तिसऱ्या दिवशी सविता घामानं निथळली आणि तिनं भाकरी मागितली.

ओट्यावरून उन्हात गेलेली बाई मात्र डॉक्टरांचं बोलणं ऐकायला थांबली नव्हती. डोंगरवालीनं गाठवालीला आपलं लुगडं नेसवून जीपमध्ये बसवली, एवढंच गावात पोचलं.

कारखान्याचा माणूस फटफटीवर आला. मुकादम कानिफनाथनं आधी बिभीषणला आईबहिणीवरून शिव्या घातल्या, मग त्यानं दवाखान्यातून आणलेली, प्लेग नसल्याची डॉक्टरांची चिठ्ठी पुढे धरली. माणसानं ती लांबूनच वाचली. "बरं. तोड बंद ठेवू नका," तो म्हणाला. "गाड्या आल्या न्हाईत तर वरून बोलणी मला खायला लागतात." आणि फटफटी वळवून गेला. ज्यांना उचल दिली होती त्यांना हाकलणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

चारीपलीकडे बागायतदार आला. तो शिवीगाळ न करता म्हणाला, "चांगुणाबाई, गावात बोलणं झालंय. तुमी आजच निघा. दुसरी माणसं बघतो मी." त्याला ते बघणं अवघड नव्हतं. ज्यांच्याकडून काही येणं नव्हतं, त्यांना एका वाक्यात जाता येत होतं आणि घालवताही येत होतं.

रतनबाई सविताला घेऊन तळावर परतली, तेव्हा पलीकडे मेणकापडं उतरत होती. तिनं कानिफनाथला गाठलं. "मुकादम, तुमी चला. मालकाला चिठ्ठी दावा."

"काकू, गप कोपीत बसा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "निभावलंय ते निभावू द्या. पुन्यांदा गावाच्या तोंडी जायचं न्हाई. टोळीकडं बघा जरा."

टोळी बघतच होती. चारीच्या बांधावर गावातली चार-सहा माणसंही तोंडाला रुमाल बांधून उभी होती, डोंगरवाले नक्की जातात का ते पाहायला. त्यांत गोरक्षनाथ होता. रतनबाई कोपीपर्यंत गेली. तिथून परत फिरली, चारीत उतरली आणि सगळ्यांच्या देखत पलीकडे गेली. मागून कानिफनाथ ओरडला, "काकू!" तिनं मान वळवली नाही. वळवली असती तर ती तिथूनच परतली असती.

चांगुणा चूल मोडून तिचे दगड बाजूला टाकत होती.

"माज्यापायी झालं गं," रतनबाई म्हणाली.

"जगली ना?"

"जगली."

"मग झालं. पंदरा दिस पाय भुईला टेकवू देऊ नको तिचा. आन मोळ्या जरा कमी उचल, म्हतारे. उद्या तुजीच कंबर धरून बसायला लागंल."

"आता कुठं जाशील?"

"बघू. कांदा काय एका मळ्यात थोडाच हाये."

चांगुणानं गाठोडं डोक्यावर घेतलं, त्यावर हंडा चढवायचा होता. रतनबाईनं हंड्याला हात घातला. हंडा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा तो बसला. बांधावरची माणसं थोडी मागे सरली. डोंगरातली माणसं एकामागे एक रस्त्याला लागली आणि रतनबाई एकटीच चारीच्या त्या काठावर राहिली. अलीकडे परतायचं, तर त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून पाण्यात उतरावं लागणार होतं. बऱ्याच वेळानं ती उतरली.