पाचव्या दगडावरचा हात

सगळ्यात आधी माफी मागतो. या पानावर मोठी मोठी माणसं लिहितात, मी नुसता वाचणारा. आमच्या घरात ताई आणि मी सोडून कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मला लिहिण्याचा सराव म्हणजे परीक्षेचे पेपर... तेवढाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरं म्हणजे, माझा असल्या चमत्काराच्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री माझा आवडता विषय. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे चुन्याचा संबंध येतो आणि चुना कसा वाळतो हे मला चांगलं माहीत आहे.

आमचं गाव रेणापूर तालुक्यात. ताईने नांदेडला नर्सिंग केलं, तिथेच काही वर्षं नोकरी केली आणि मागच्या वर्षी ती इंग्लंडला गेली. एका लहान शहरात. शहराचं नाव लिहू नको असं तिनेच सांगितलंय. तिथे पक्की नर्स व्हायला एक प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. ताई त्यात दोनदा नापास झाली. तिसरी संधी शेवटची... ती गेली की नोकरी गेली, परत यायचं. हे फक्त मला माहीत होतं. आईला आणि बापूंना तिने कळू दिलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी तिला खोलीत करमायचं नाही. बाहेर थंडी. मग ती चर्चमध्ये जाऊन बसायची, कारण ती उघडी असतात आणि तिथे बसलेल्याला कोणी काही विचारत नाही. त्या शहरात जुनी चर्चं भरपूर. ती व्हिडिओ कॉलवर मला दाखवायची आणि मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून त्यांची माहिती शोधायचो. असा आमचा दोघांचा खेळच झाला. बाजारातलं उंच टोकदार कळसाचं मोठं चर्च, अर्धगोल कमानीचं सगळ्यात जुनं, आणि एक चॅपल — म्हणजे लहान प्रार्थनाघर — जिथे आता गालिच्यांचं दुकान आहे. एकदा मी वाचलं की मोठ्या चर्चमधल्या जुन्या बाकांच्या उचलायच्या फळ्यांखाली कोरीव काम असतं.

"ताई, फळी वर कर आन् खाली बघ."

"कोणी बघितलं तर?"

"कर गं, काही होत न्हाई."

फळीखाली लाकडात कोरलेलं माकड निघालं, हातात बाटली धरून बसलेलं. ताई तोंडावर हात ठेवून हसत सुटली. "गण्या, विलायतेत बी माकडं हायत की रे! देवाच्या बुडाखाली बसवलीत!"

त्या दिवशी मी गावी घरीच होतो, बापू मागून ऐकत होते. म्हणाले, "ह्याला लातूरचं बसस्टँड धड सापडत न्हाई, आन् विलायतेतली देवळं सांगायलाय."

आता येळवसबद्दल. आमच्या लातूरकडे वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव रिकामं होतं, सगळे शेतात. कडब्याची, समोरून उघडी खोप करायची, त्यात पाच दगड मांडायचे — पाच पांडव — त्यांना चुना लावायचा, पूजा करायची आणि मग सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, ताकातली आंबील. वाटेने जाणाऱ्यालाही हात धरून जेवायला बसवायचं. आमच्या घरची आणखी एक रीत आहे. पाचव्या दगडाचा चुना ओला असतानाच त्यावर ताई आपला उजवा पंजा उमटवते. लहान असताना तिने खोडी म्हणून केलं होतं, त्या वर्षी पीक चांगलं आलं, तेव्हापासून ते पक्कंच झालं. तिची करंगळी वाकडी आहे, बैलगाडीच्या फळ्यांत सापडली होती. त्यामुळे तो पंजा लांबूनही ओळखू येतो.

येळवसच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. आवाज बसलेला. "गणू, मी परीक्षेला बसत न्हाई आता. परत येते. आईला सांगू नको, मी सांगते."

आमच्या यादीतलं एकच ठिकाण राहिलं होतं, नदीच्या पुलाजवळचं छोटं चॅपल, आपल्या मारुतीच्या देवळाएवढं. मी म्हणालो, "ताई, तेवढं एक बघून घे. उद्या जा. मग काढ तिकीट."

"तुला चर्चचीच पडलीय व्हय रे?" म्हणाली. पण जाते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंनी दगडांना चुना लावला. पाचव्या दगडाशी थांबून म्हणाले, "हिचा हात कोण लावणार?"

"कोणीच न्हाई," आई म्हणाली. "तिची जागा तशीच ऱ्हाऊ द्या."

पूजा झाली, जेवणं झाली. उन्हाने चुना वाळून खडखडीत झाला. नंतर आम्ही तिघंही खोपीसमोरच, बाभळीच्या सावलीत बसलो होतो. बापू पेंगत होते. दिवस कलल्यावर आई नैवेद्याचं ताट काढायला खोपीत वाकली आणि तशीच थांबली.

"गणू... हात तू लावला का रे?"

पाचव्या दगडावर पंजा होता. चुन्यात रुतलेला, पाची बोटं स्वच्छ. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली.

मी हात लावून पाहिला. पंजाच्या जागेवरचा चुना ओला होता आणि दगड थंडगार... माठाला लागतो तसा. बाजूचे चारही दगड उन्हाने तापलेले. दुसऱ्या दगडावर मी माझा हात दाबून पाहिला. नुसती भुकटी लागली, काही उमटलं नाही. वाळलेल्या चुन्यात पंजा उमटत नाही, हे कोणीही करून पाहावं.

आईने पंजावर हळद-कुंकू वाहिलं आणि भांडी आवरायला लागली. मी फोटो काढला. ताईला पाठवला नाही, घाबरलो होतो.

अंधार पडता पडता तिचाच फोन आला. मी काही बोलायच्या आधीच सुरू झाली.

"गणू, मी गेले होते रे! आत भिंतीला चुना लावणं चालू होतं. शिडीवर एक आजोबा, खाली बादली घेऊन एक आजी. दार उघडलं आन् एकदम आपल्या खोपीचा वास! मला काही सुचलंच न्हाई. देवळात शिरताना करतो तसा भिंतीला हात लावला, कपाळाला लावला... आन् बघते तर हात पांढरा, भिंतीवर माझा पंजा, कपाळ बी पांढरं!"

"मग? रागावले का?"

"मी सॉरी सॉरी करायला लागले, तर आजी हसून हसून बेजार. म्हणाली, ऱ्हाऊ दे, आम्ही पुसणार न्हाई. चहा दिला. पण गणू, एक सांगू? आत एवढी थंडी, तोंडातून वाफ निघत होती. आन् भिंत गरम होती. उन्हातल्या दगडासारखी."

मी फोटो पाठवला.

"हे कोणी केलं?"

"ताई, करंगळी बघ."

त्यानंतर तिकिटाचा विषय तिने काढला नाही. पुढच्या आठवड्यात ती परीक्षेला बसली. या वेळी हात चुकला नाही, एवढंच म्हणाली; निकाल यायचा होता. परीक्षा झाल्यावर ती आजींना भेटायला चॅपलमध्ये गेली. भिंत कोरी होती. आजी स्वतःच चकित. म्हणाल्या, आम्ही पुसलं नाही, वरून चुन्याचा दुसरा हातही दिला नाही, दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं तर नव्हतंच.

माझा रूम पार्टनर समीर लातूर जिल्ह्यातलाच. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "भाई, तुला कोणीतरी चुना लावलाय." मग फोटो मोठा करून बघत बसला. "तुझ्या बापूंनी केलं असेल, लेकीची आठवण आली म्हणून."

मी बापूंना विचारलं. त्यांनी आपला पंजा माझ्यापुढे धरला. ताईच्या दुप्पट आहे. आणि तिचं चॅपलमध्ये असणं आणि आमचं बाभळीखाली बसणं, घड्याळातला साडेपाच तासांचा फरक धरला तर वेळ एकच येते. यापुढे माझ्याकडे काही नाही. केमिस्ट्रीच्या सरांना विचारायची हिंमत झाली नाही. भीती मात्र आता वाटत नाही. गावी गेलो की खोपीच्या जागेवर जाऊन तो दगड बघून येतो, बरं वाटतं.

इथपर्यंत लिहून काल ठेवून दिलं होतं. शेवट कसा करावा सुचत नव्हतं. आज दुपारी मेसमध्ये ताट घेऊन बसलो आणि ताईचा व्हॉइस मेसेज आला. मागे कसला तरी गोंगाट, बहुतेक तिच्या वॉर्डातला. तो जसाच्या तसा लिहितो:

"गणू, पास झाले रे! आईला सांग, येत्या येळवसला येते मी. आन् बापूंना सांग, दगडांना चुना लावा, पण पाचवा वाळू देऊ नका."