समोरच्यांचा पॉवर सप्लाय

चौकशी केल्याशिवाय आमच्या समोरच्यांनी आयुष्यात एकही वस्तू घरात आणलेली नाही, आणि यात मी केरसुणीसुद्धा धरतो. तोंडावर आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. पण आमच्या घरात त्यांचं नाव ‘समोरचे’ असंच पडलं आहे, कारण मी मुरुमच्या कॉलेजात नोकरीला आलो त्या दिवसापासून ते माझ्या दाराच्या बरोबर समोरच्या ओट्यावर, कपाळाला विभूती लावून, बसलेले आहेत. टेम्पोतून आमचं सामान उतरायच्या आत माझं मूळ गाव, आधीची नोकरी सोडण्याचं कारण आणि माझ्या बायकोला धुळीचा त्रास होतो ही बातमी त्यांच्याकडे पोचली होती. टेम्पोवाल्याला त्यांनी चहा पाजला होता. संध्याकाळी त्यांच्या घरून ओल्या फडक्यानं पुसलेल्या दोन खुर्च्या आल्या, तेव्हा रागवावं की आभार मानावेत ते मला कळेना. नंतरही अनेकदा कळलेलं नाही.

पण हे झालं घरगुती. त्यांचा खरा लौकिक सोयरिकीचा. कापडाचं दुकान पुतण्याच्या हाती देऊन ते मोकळे झाले, आणि आसपासच्या गावांत कुणाला मुलगी द्यायची झाली की ‘आधी अप्पांना जाऊन येऊ द्या’ असं लोक म्हणू लागले. अप्पा मुलाच्या घरी कधीच जात नसत. ते पिठाच्या गिरणीवर जात, तिथल्या न्हाव्याकडे दाढी करत आणि भलत्याच माणसाचं घर विचारत गल्लीतून चकरा मारत. अणदूरच्या एका स्थळासाठी गेले, ते दुपारभर कांद्याच्या भावावर बोलून परत आले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, “पोरगं लाखात एक हाय. पण त्यांच्या घरात जेवाया बसताना कुणी कुणाला हाक मारत न्हाय. तुमची पोरगी उपाशी न्हाय राहणार, पण एकटी जेवंल.” स्थळ मोडलं. माकणीच्या एका घराला मात्र त्यांनी केवळ जनावरांचा हौद स्वच्छ आहे एवढ्यावर होकार दिला, आणि ती मुलगी आज तिथं राज्य करते आहे. गंमत म्हणजे त्यांचं स्वतःचं लग्न कसलीही चौकशी न होता झालेलं. वडील कापड आणायला सीमेपलीकडं कर्नाटकात गेले आणि येताना सून ठरवूनच आले. “जन्मात एकच काम बिनचौकशीचं झालं, आन तेच लई चांगलं निघालं,” असं अप्पा सांगायचे. मग आतून काकू कन्नडमध्ये काहीतरी म्हणायच्या आणि अप्पा चक्क लाजायचे.

त्या काकू गेल्या. त्या घरातलं भांडण, देवपूजा, भाजीचा बेत, सगळं कन्नडमध्ये चालायचं. काकूंनंतर ते घर मराठी झालं, म्हणजे खरं तर गप्पच झालं. मुली लांब दिलेल्या, नातवंडं फोनवर हिंदी बोलणारी. त्यात सोयरिकीही मोबाईलवर जमू लागल्या. मुलाच्या फोटोखालीच पगार लिहिलेला असतो, मग गिरणीवर कोण कशाला जाईल? अप्पांना कुणी बोलवेना. अशा दिवसांत सातबारा काढायला ते ई-सेवा केंद्रात गेले आणि तिथला चालक कॉम्प्युटरवर ट्रक हाकण्याचा गेम खेळताना त्यांनी पाहिला. तरुणपणी अप्पांना ट्रकच चालवायचा होता. वडिलांनी हातात मीटरपट्टी दिली. महिन्याभरात त्यांनी सोलापूरहून भाग जुळवून खास गेमचा कॉम्प्युटर आणला. एकेका भागाची रीतसर चौकशी झाली. फक्त आतल्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो डब्यात बसवूनच आला होता, म्हणून तेवढा सुटला.

संध्याकाळी ते परदेशातल्या रुंद रस्त्यांवर बैलगाडीच्या वेगानं, प्रत्येक वळणाला इंडिकेटर देत ट्रक हाकायचे आणि मागून जगभरची पोरं हॉर्न वाजवून त्यांचा उद्धार करायची. एकदा त्या गर्दीतल्या एका हिरव्या ट्रकवाल्यानं गाडी आडवी घालणाऱ्याला कन्नडमध्ये झाडलं. अप्पांनी ट्रक कडेला घेतला आणि माइकमध्ये विचारलं, “ऊटा आतेन्री?” म्हणजे, जेवण झालं का? त्या दिवसापासून रोज सातच्या सुमाराला दोन ट्रक एकामागून एक, कुठलाही माल वेळेवर न पोचवता, बोलत चालू लागले. समोरून हसण्याचा आवाज मी काकू गेल्यावर तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तुरी निघायच्या दिवसांत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या आणि आमच्याकडची वीज नाचायला लागली. एका संध्याकाळी समोर फट् असा आवाज झाला, जळका वास सुटला. मी धावत गेलो. एसएमपीएस गेला होता. मी म्हणालो, “एवढंच ना? सोलापूरहून दुसरा आणू.” अप्पा काळ्या पडद्याकडे बघत होते. “आईला दवाखान्यात न्हेलं म्हणून सांगत व्हता ओ तो. आन म्या मधीच उठून गेलो.”

“मग फोन लावा त्यांना.”

“नंबर न्हाय.”

“नाव, गाव?”

“न्हाय.” पडद्यावर त्याच्या नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे असायचे.

माझा विश्वास बसेना. टेम्पोवाल्याकडून माझ्या बायकोच्या धुळीच्या त्रासापर्यंत सगळं काढून घेणारा हा माणूस. मी तसं बोलूनही दाखवलं. अप्पा म्हणाले, “विचारलं असतं तर चौकशी झाली असती, सर. चौकशी केली की व्हय का न्हाय, काय तरी ठरवावं लागतं. मला काय ठरवायचंच नव्हतं.”

आणि मग त्यांनी एसएमपीएसची चौकशी सुरू केली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आता बसवायचा तो असा, की पुन्हा बोलणं अर्धवट टाकून उठावं लागू नये. दुसऱ्यांदा उठलो तर तो माणूस काय समजेल? सोलापूरला ते दुकानात गेलेच नाहीत. शेजारच्या दुरुस्तीवाल्याकडे स्टूल टाकून बसले आणि कुठल्या कंपनीचा माल रडत माघारी येतो ते बघत राहिले. डब्यावर नाव एकाचं आणि आतला माल बनवणारा दुसराच असतो, हे तिथं कळल्यावर त्यांना आनंदच झाला. दत्तक गेलेल्या मुलांचं मूळ घराणं काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या बाईंना त्यांनी विचारलं, “साडेसहाशे वॅट लिहिलंय, पण खरंच देतो का? आमच्याकडं पोरगं इंजिनियर हाय असं पण सांगतात.” उमरग्याच्या एका फोटो स्टुडिओत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे हात धरून उभे राहिले आणि काम वाढल्यावर तो तापट होतो का ते पाहून आले. वीज कमी-जास्त झाल्यावर कोण सांभाळून घेतो आणि कोण चिडून बंद पडतो, यावर त्यांनी मला ओट्यावर बसवून जे सांगितलं, ते माझ्या लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शिवरात्र झाली तरी चौकशी चालूच. मी वैतागलो. “अप्पा, कुठला तरी घ्या आता. तो माणूस काय तोवर थांबणार आहे?” त्या गेमसाठी ई-सेवा केंद्रातही त्यांनी एकदा प्रयत्न केला होता, पण तिथं आता नवा चालक होता आणि त्यानं गेम काढून टाकला होता. अप्पा कीबोर्ड पुसत होते. रोज पुसायचे. म्हणाले, “घाईत चुकीचा बसवला तर थांबलेला माणूस पण जाईल.” मी घरी येऊन बायकोवर चिडलो.

पाडव्याला एसएमपीएस बसला. विटेसारखा जड, आतलं घराणं उत्तम आणि दहा वर्षांची वॉरंटी. “धा वर्षांची,” अप्पा म्हणाले, “एवढी मला पण कुणी देईना.” वीज गेली तर असू दे म्हणून जोडीला इन्व्हर्टरही आणला होता. त्यांनी गेम उघडला. त्यांचा ट्रक जिथं बोलणं तुटलं त्याच पेट्रोल पंपापाशी उभा होता. त्यांनी चारी इंडिकेटर लावले आणि वाट बघत बसले. हिरवा ट्रक आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अप्पा सातला बसायचे, आठला उठायचे, ट्रक जागचा हलवायचे नाहीत. त्यानं ओळखायला सोपं जावं म्हणून.

परवा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीवर जाळ झाला आणि सगळी गल्ली अंधारात गेली. समोरच्यांची एक खिडकी तेवढी उजळलेली. मी रस्ता ओलांडून गेलो. अप्पा अभिमानानं म्हणाले, “बघा सर. इन्व्हर्टरवर गेला तरी डोळा सुद्धा न्हाय लवला.” मी खरंच कौतुक केलं. मग ते पुन्हा पडद्याकडे वळले. पडद्यावर रिकामा पंप, उभा ट्रक आणि लुकलुकणारे दिवे. बंद पडू नये म्हणून एवढा जिवाचा आटापिटा केलेला तो कॉम्प्युटर उत्तम चालला होता आणि त्यात कुणीही नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की निघावंसं वाटेना. मी खुर्ची ओढून बसलो. मला कन्नडचे दोनच शब्द येतात, तेही त्यांच्याकडूनच ऐकलेले. मी म्हणालो, “ऊटा आतेन्री?”

अप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी ते बोलू लागले. आधी हळू, मग भराभर. मध्येच हसले, मध्येच उपरण्यानं डोळे पुसले. एकदा भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे हात करून काहीतरी सांगितलं आणि मी मान डोलवली. वीज आली. आमच्या दारातून बायकोनं जेवायला हाक मारली, मग पुन्हा मारली. अप्पांचं बोलणं संपेपर्यंत मी उठलो नाही.