कवीच्या खोलीतलं गाणं

मीटरकाका नोकरीत होते तेव्हा घरोघर फिरून विजेचे मीटर वाचत. त्यामुळे कुठला जिना अंधारा, कुठल्या दाराशी कुत्रं, हे त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्तीनंतर त्यांनी या ओळखीपाळखीचं सोनं केलं. फार पूर्वी या शहरात एक कवी होऊन गेला. दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि संध्याकाळी नाटक मंडळीला गाणी लिहून द्यायची, असा त्याचा क्रम. काका दर रविवारी सकाळी वाचनालयापासून लोकांना घेऊन निघत आणि त्या कवीचं आयुष्य पायी फिरवून आणत. आधी छापखाना, मग कवीची भाड्याची खोली, मग नाटकगृह, जिथं आता फर्निचरचं गोदाम आहे, आणि शेवटी नदीचा धक्का. जिथं जे गाणं लिहिलं गेलं, तिथं ते काका स्वतः म्हणत. आवाज बेताचाच, पण या बाबतीत त्यांनी लाज पार गुंडाळून ठेवली होती.

मग घशाचं दुखणं निघालं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, "बोला, पण हळू. गाणं मात्र कायमचं बंद."

"चला, शेजाऱ्यांचे भोग संपले," काकू म्हणाल्या खऱ्या, पण दोन दिवस त्यांनाही जेवण गेलं नाही.

वाचनालयाचे चिटणीस व्यवहारी गृहस्थ. त्यांनी एका तयारीच्या गायकाकडून सगळी गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली आणि हेडफोनची पिशवी काकांच्या हाती दिली. "काका, तुम्ही नुसतं पुढं चाला. बाकी यंत्र बघून घेईल. हा रविवार नीट गेला की कायमचं असंच करू."

काकांनी पिशवी खांद्याला लावली, पण मनात आलं, नुसतं पुढं चालायला माणूस कशाला हवा? उद्या यंत्रच रस्ता सांगेल.

रविवारी छापखान्यात सगळं सुरळीत पार पडलं. कवीची खोली इस्त्रीवाल्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. तिथं आता एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. अख्खी गल्ली त्यांना आत्या म्हणते. मंडळी जिना चढून आत आली, हेडफोन लावून भिंतीशी उभी राहिली. कोणी डोळे मिटले, कोणी फरशीकडे पाहत राहिलं. ज्या खिडकीशी बसून कवी लिहायचा, तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

आत्यांनी मशीन थांबवलं. "काय हो मीटरकाका, आज सगळे बहिरेच आणलेत का?"

काकांनी घशाकडे बोट दाखवलं. "गाणं बंद झालं, आत्या. आता ते कानात वाजतं."

"त्यांच्या कानात. माझ्या कानाचं काय? खोली माझी, धूळ माझ्या घरात, आणि गाणं तेवढं यांना?" असं म्हणून त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं आणि शिवता शिवताच म्हणायला लागल्या:

"दार थोडे लोटुनी जा, मागुती… येईन मी."

नाटक मंडळीबरोबर गाव सोडताना कवीनं बायकोसाठी लिहिलेलं हे गाणं. एका मुलीनं हेडफोन काढला. मग एकेकानं काढला.

"आत्या, तुम्ही मध्येच थांबलात. यात तर कुठं थांबत नाहीत," मुलगी म्हणाली.

"मग तो गाणारा चुकला असेल. आमच्याकडे इथं थांबतात. परत येऊ की नाही, हे कवीलाच कुठं ठाऊक होतं?"

काका शरमले. थांबणं कसलं आलंय! तीन मजले चढून आल्यावर त्यांना त्या जागी नेमका दम लागायचा, एवढंच. त्यांनी तसं हळूच सांगूनही टाकलं. सगळे खळखळून हसले.

आत्या मात्र हसल्या नाहीत. "मी काय आता नव्यानं शिकत बसू? मी अशीच म्हणणार."

संध्याकाळी काकांनी पिशवी चिटणीसांच्या टेबलावर ठेवली. "फिरायला मी नेईन. गाणं जिथलं तिथल्यांनी म्हणायचं. आत्या तयार आहेत. छापखान्यातला बाइंडर बघू म्हणालाय. गोदामातला सुतार म्हणतो, गाणार नाही, नुसतं वाचून दाखवेन."

"आणि बेसूर झालं म्हणजे?"

"माझ्या वेळी तक्रार आली होती?"

चिटणीसांनी जरा विचार केला. "दोन होत्या," ते म्हणाले. "पण चालू द्या."

तसं ते चालू आहे. फक्त नदीच्या धक्क्यावर घर नाही, दुकान नाही. गाणं म्हणायला कोणीच नाही. तिथं कवीनं शेवटचं गाणं लिहिलं, एवढं काका दबक्या आवाजात सांगतात. कोणी विचारतं, "कसं होतं ते?" काका म्हणतात, "चांगलं होतं." मंडळी थोडा वेळ पाण्याकडे बघत उभी राहतात आणि आपापल्या घरी जातात.