उपरण्याखालचा हात

बैलबाजारात उपरण्याला पेंडीचा वास लागतो, आणि ती दुपार आठवते. मुलीला परदेशात राजनय आणि आंतरराष्ट्रीय कायदा एकत्र शिकायचा होता.

"एकच शीक. वकील हो, शिरूरच्या कोर्टात बस," मी म्हणालो.

"एका बैलावर औत चालतंय व्हय, आबा?"

बैलाचा भाव आम्ही उपरण्याखाली बोटं दाबून ठरवतो. तिनं तसाच हात पुढं केला. मी एक बोट दाबलं, तिनं दोन. मी हात हिसकावला.

बाजारात असा हात काढला की समोरचा मनगट धरून परत ओढतो.

"बरं आबा," म्हणत ती उठली. शिष्यवृत्ती मिळवून गेली.

आता म्हणे ती देशादेशांची तुटलेली बोलणी जुळवते. बाजारात वाढलेल्या पोरीला माझं मनगट धरता येत नव्हतं?