दम लागणारी लाँच

रे रोडच्या लाकडाच्या वखारींमागे एका धक्क्यावर आमच्या मालकाची लाँच उभी असायची. रविवारी मालकाच्या पाहुण्यांना समुद्राची हवा खायला घालायची, एवढंच तिचं काम. ती चालवायचा माझा थोरला भाऊ. इंजिन बघायचो मी. परळच्या एका खोलीत आम्ही दोघं भाऊ, वहिनी आणि तिची दोन मुलं राहायचो. मी आधी सहा वर्षं गिरणीत फिटर होतो, त्यामुळे यंत्रातलं मलाच कळतं असा माझा ठाम समज होता. तो कोणाच्या मुळावर आला ते सांगतो.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. हरताळ पडला तेव्हा दादा मोर्चाला गेला. मी घरात बसून राहिलो, मी पहिल्यापासूनच भित्रा. त्याच आठवड्यातल्या रविवारी भर समुद्रात लाँचचा जोर गेला. मच्छीमारांनी दोर लावून ती ओढत आणली आणि पाहुण्यांसमोर मालकाची पार शोभा झाली. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तो दादावर ओरडला, "तुम्ही मोर्चावाल्यांनी हे मुद्दाम केलं."

"इंजिन आहे साहेब, बिघडतं," दादा एवढंच म्हणाला.

मालकाने दादाला घरी बसवलं आणि मला शनिवारपर्यंत मुदत दिली. दोष इंजिनाचाच निघाला तर दादा परत कामावर, नाहीतर कायमचा घरी.

धक्क्याला बांधून चालवलं की इंजिन झकास चालायचं. बाहेर नेऊन जोर दिला की दहा मिनिटांत धापा टाकायचं. बंद करून थोडं थांबलं की पुन्हा ठणठणीत. मी प्लग घासले, पॉइंट साफ केले, कार्बोरेटर दोनदा उघडला. पाण्यात उतरून पंख्यात दोर अडकलाय का तेही पाहिलं. सगळं जागच्या जागी. रोज संध्याकाळी दादा विचारायचा, "गावला काय रे?" मी नुसती मान हलवायचो. वहिनी तर विचारायचीही नाही. शुक्रवारी मी अक्षरशः देवाला हात जोडले, की काहीतरी तुटलेलं, फुटलेलं, झिजलेलं निघू दे.

शनिवारी सकाळी पेट्रोलची टाकी उतरवून उपडी केली. आतून सुताचा बोळा पडला, गिरणीत यंत्रं पुसायला वापरतात तसला. महिन्यापूर्वी टाकीचं झाकण समुद्रात पडलं होतं. नवं येईपर्यंत मीच गिरणीतल्या सवयीने टाकीच्या तोंडात बोळा कोंबला होता. काढताना त्यातला अर्धा आत राहिला आणि मी पाहिलंही नाही. इंजिनाने जोरात पेट्रोल ओढलं की तो नळीच्या तोंडावर बसायचा, बंद केलं की सुटायचा.

टाकीत बोळा, आणि तोही गिरणगावातला. मालक याला चूक म्हणणार नव्हता, मोर्चावाल्यांचा डावच म्हणणार होता. खरं सांगितलं तर दोघांचंही काम जाईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी घाबरलो. बोळा पाण्यात फेकला आणि टाकी बसवली.

दुपारी मालक आला. लाँच तासभर सुसाट पळाली. "काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"काही नाही, साफसफाई केली," मी म्हणालो. दाखवायला तुटलेला भाग माझ्याकडे नव्हता.

तो हसला. "तुझा भाऊ उतरला आणि लाँच सुधारली. आता तूच चालव."

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही किळस येते.

घरी आल्यावर दादाला सगळं सांगितलं.

"मालकाक सांगलंस?"

"नाय."

तो म्हणाला, "सोमवारी वेळेर जा. घरात चूल पेटाक व्हयी."

दादाला पुन्हा कुठल्याच लाँचवर काम मिळालं नाही. त्याने मालकाचं इंजिन बिघडवल्याची बातमी तो जाईल त्या धक्क्यावर त्याच्याआधी पोचलेली असायची. शेवटी तो रे रोडच्याच एका वखारीत ओंडके उचलायला लागला. दुपारी भाकरी खाताना त्याला समोर मी लाँच धुताना दिसायचो. एकदा त्याने हाक मारली. वाटलं, आता चार शिव्या देईल, आणि मी सुटेन.

"डावीकडे ओढता ती," तो म्हणाला, "लाटेत जरा सांभाळ."