वळणावरचा माणूस

कोणी विचारलं की मी खुनाच्या, दरोड्याच्या केसेस सांगतो. लोकांना त्याच ऐकायच्या असतात. पण कोणी न विचारता, बस चुकल्यावर स्टँडवर उभा असताना किंवा दुपारचा चहा पिताना जी घटना आपोआप आठवते, ती ही. तिच्यात आरोपी नाही, शिक्षा नाही आणि मुद्देमाल म्हणाल तर एक काळा दगड.

तेव्हा मी गडचिरोलीला ठाण्याचा प्रभारी होतो. धान कापून झालं होतं. नाटकांची जाहिरात करणाऱ्या गाड्या भोंगे लावून गावभर फिरत होत्या. सकाळची हजेरी घेऊन केबिनमध्ये बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलाकडून हसण्याचा आवाज आला. ठाण्यात सकाळी सकाळी कोणी हसत असलं की मला शंका येते. बाहेर आलो. बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. शेजारी तिची सून, सुनेच्या मांडीवर फडक्यात बांधलेले नवे तांदूळ.

अंमलदार म्हणाला, "सर, बाई म्हणते तिचा माणूस दिसत नाही. हरवल्याची नोंद घ्यायला लागलो. उंची विचारली तर कंबरेपर्यंत हात दाखवते. रंग काळा सांगते. कधीपासून दिसत नाही म्हटलं, तर म्हणते मरून लय वर्षं झाले."

बाई हसत नव्हती. मी अंमलदाराला गप्प केलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"साहेब, जंगलातलं गाव आमचं," ती म्हणाली. "आमच्यात मानूस मेला का त्याच्या नावानं दगड उभा करते, रस्त्याच्या कडेले. माह्या मानसाचा दगड नाल्याजवळच्या वळनावर होता, मोहाच्या झाडाखाली. दरसाल नवे तांदूळ नेऊन देतो त्याले. मधात मी बिमार पडली, पोरीच्या घरी राह्यली. आता आली तं झाड नाई, मानूस नाई. वळनच नाई साहेब!"

"दुसरा दगड उभा नाही का करता येणार, बाई?"

तिने सुनेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आन मी मेली का सून मले कुठी उभी करन? नवऱ्याच्या बाजूले बायको उभी रायते आमच्यात. एकटीले काऊन उभी करता मले?"

आवाज चढवून बोलणारे फिर्यादी मी रोज पाहत होतो. ही बाई जपून बोलत होती, मधेच थांबून श्वास घेत होती. तिच्याजवळ फार दिवस नाहीत हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. दगड चोरीला गेल्याची फिर्याद कोणत्या कलमाखाली घ्यायची, असं लिखापढी करणाऱ्या रायटरने विचारलं. डायरीत नोंद घे, कलमाचं मग बघू, म्हटलं आणि जीप काढायला लावली.

घटनास्थळाचा कच्चा नकाशा काढण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता, हे मी जरा गर्वानेच सांगतो. त्याचा पहिला धडा असा, की आधी कायमची खूण शोधायची. विहीर, देऊळ, मैलाचा दगड, काहीही. तिथून अंतर मोजायचं. त्या दिवशी मी वही उघडून उभा राहिलो आणि खूणच सापडेना. सिमेंटचा रुंद रस्ता, मधे दुभाजक, पेट्रोल पंप, टाइल्सची दुकानं, प्लॉट पाडलेल्या लेआउटच्या कमानी. बाई जीपमधून उतरली आणि जत्रेत चुकलेल्या पोरासारखी चारी बाजूंना पाहू लागली. शेवटी पंपाजवळच्या वळणाकडे बोट करून म्हणाली, "इथीच असन."

मग आम्ही त्या वळणावर गटार खोदणाऱ्या ठेकेदाराला धरलं. त्याला विचारलं, मुकादमाला विचारलं, मजुरांना वेगवेगळं बसवून विचारलं. सगळ्यांचं एकच. इथं झाड नव्हतं, दगड नव्हता, नुसतं बेशरमाच्या झुडपांचं रान होतं. ठेकेदार तर पोराबाळांच्या शपथा घेऊ लागला. शपथांवर मी विश्वास ठेवत नाही, पण चार माणसं एकमेकांना न भेटता बेशरमाच्या रानाबद्दल एकसारखं खोटं बोलत नाहीत. आणि बाई खोटं बोलत नव्हती, हे तर उघडच होतं. दोन्ही बाजू खरं बोलत असतील, तर जागाच चुकीची असली पाहिजे.

तेव्हा मला कॉलेजातल्या भूगोलाच्या बाई आठवल्या. थोड्याच दिवसांपूर्वी आमच्या बीट हवालदाराने त्यांच्या विद्यार्थिनींना ठाण्यात आणून बसवलं होतं. मुली मोबाइल घेऊन गल्लीबोळ टिपत फिरत होत्या. आमच्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात कोणी रस्ते मोजताना दिसलं की पोलीस आधी त्याला आणून बसवतात. मग या प्राध्यापिका स्वतः आल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं, की इंटरनेटवर एक खुला नकाशा आहे, तो जगभरची साधी माणसं मिळून भरतात, कोणालाही फुकट पाहता येतो. गडचिरोली त्यात जवळजवळ कोरी आहे, ती आम्ही भरतोय. मी म्हणालो होतो, गल्ल्या भरा, हातपंप भरा, आमचे पोलीस कॅम्प तेवढे भरू नका.

त्यांना ठाण्यात बोलावलं. लॅपटॉप घेऊन आल्या. उपग्रहाची जुनी चित्रंही अशीच कोणालाही पाहायला मिळतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी शहराचं एक जुनं चित्र लावलं आणि त्याच्यावर आजच्या रस्त्यांच्या रेषा ठेवल्या. मग एकेक करून पुढची चित्रं आणत गेल्या. आधी नुसत्या धानाच्या बांध्या आणि मधून नाला. मग मुरमाचे लालसर चौकोन, चौकोनांत प्लॉटच्या रेघा, रेघांत घरांची छपरं. या गावात मी रोज गस्त घालत होतो आणि ते माझ्या डोळ्यांदेखत असं वाढलेलं मला दिसलंच नव्हतं.

"सर, हे बघा," प्राध्यापिका म्हणाल्या. "नाल्याजवळ जुना रस्ता वळायचा तो इथे. रुंदीकरणात ते वळण काढून रस्ता सरळ केला. पंपाजवळचं वळण नंतरचं आहे. जुनं वळण आता या लेआउटच्या आत गेलंय."

मी म्हातारीला खुर्चीवरून उठवून लॅपटॉपच्या पडद्यासमोर बसवलं. वरून पाहिलेलं गाव तिला ओळखता येईल, अशी मला आशा नव्हती. प्राध्यापिकेने नाला दाखवला, मग नाल्यावरून आलेली बैलगाडीची वाट. त्या वाटेवरून बाईचं बोट आपोआप पुढं सरकलं आणि एका गोल काळ्या ठिपक्यापाशी थांबलं.

"मोह," ती म्हणाली. "याची सावली अशीच पडे."

पुढच्या चित्रात तिथं लाल मुरूम होता. बाईने बोट मागे घेतलं आणि पदरात धरून ठेवलं. अंमलदार पाण्याचा ग्लास घेऊन आला, तोच सकाळी हसलेला.

आता जागा मिळाली होती आणि झाड असलेल्या आणि मुरूम पडलेल्या दोन चित्रांमधला एक उन्हाळाही मिळाला होता. तपासाला एवढं पुष्कळ असतं. बीट हवालदार त्या लेआउटजवळच्या टपरीवर चहा पीत बसला आणि खबर घेऊन आला. त्या उन्हाळ्यात जेसीबी चालवणाऱ्याचं लेआउटच्या मुनशीशी मोठं भांडण झालं होतं. त्याने मशीन बंद करून किल्ली खिशात घातली होती. ड्रायव्हर वडसा बाजूचा होता आणि आता सिंदेवाहीकडे पुलाच्या कामावर होता.

निरोप पाठवला, तसा तो आला. साधा, उन्हाने रापलेला माणूस. निर्दोष माणूस ठाण्यात पाय ठेवताच विचारतो, मला काऊन बोलावलं? याने विचारलं नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली पाहत बसला. मी चहा मागवला. त्याच्या मशीनबद्दल विचारलं तेव्हा बोलला, पुलाबद्दल विचारलं तेव्हा बोलला. त्या लेआउटचं नाव काढलं आणि त्याने अर्धा कप बशीत ठेवून दिला.

बाईला आणि सुनेलाही मी बोलावून घेतलं होतं, त्या बाहेर बाकावर होत्या. मी दार उघडून म्हातारीला आत आणलं आणि त्याला एवढंच सांगितलं, "ही त्याची बायको."

तो उठून उभा राहिला. "मी त्याले झोपवला नाई, माय," तो म्हणाला. "उभाच नेला."

मग त्याचं बोलणं थांबेना. मुनशीने सांगितलं होतं, झाड पाड आणि दगड भरावात टाक. त्याचा स्वतःचा बाप मेला तेव्हा तो चंद्रपूरकडे मशीनवर होता, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "बापाले हात लावाले नाई भेटला मले, साहेब. आन इथी कोनाचा तरी बाप मुरमात गाडू?" झाड त्याला वाचवता आलं नाही. दगड त्याने दोराने बांधून बकेटमध्ये उभा केला आणि जेसीबी बैलगाडीच्या चालीने चालवत नेली. लेआउटमध्ये बगिच्यासाठी ओपन स्पेस सोडावी लागते, तिथं घर होत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. तिच्या कोपऱ्यात त्याने दगड रोवला. गावात सांगायला जायची हिंमत झाली नाही. तुम्हीच पाडलं म्हणून लोक अंगावर आले असते, असं त्याला वाटलं.

आम्ही सगळे जीपमध्ये बसून निघालो, वाटेत प्राध्यापिकेलाही घेतलं. ओपन स्पेसचा कोपरा दुरूनच ओळखू आला, कारण तिथं पत्र्याची शेड होती. शेडखाली काळा दगड उभा होता. त्याला हळदकुंकू लावलेलं, गळ्यात झेंडूची माळ, पुढे फोडलेला नारळ. समोरच्या घरातून एक बाई निरांजन घेऊन येत होत्या. पोलीस पाहून थबकल्या.

"काय झालं साहेब? स्वयंभू आहे. आम्ही रोज दिवा लावतो."

म्हातारी दगडापाशी जाऊन खाली बसली होती. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "देव नाई बाई," ती म्हणाली, "माह्या घरचा मानूस आहे हा." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. "जित्ता होता तं कोनी याले चहा नाई विचारला. आता नारळ फोडून राह्यले याच्यासमोर!"

निरांजनवाली बिचारी ओशाळली. आता दिवा लावू की नको, असं तिने विचारलं.

"लाव ना बाई, काऊन नाई लावशीन? फक्त नारळाचं त्याले काई नाई. त्याले मोहाची..." एवढं बोलून तिने माझ्या वर्दीकडे पाहिलं आणि जीभ चावली. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. सुनेने फडकं सोडलं, नवे तांदूळ पुढे ठेवले. ड्रायव्हर लांब उभा होता. म्हातारीने त्याला हाक मारली आणि त्यातले मूठभर त्याच्या ओंजळीत घातले.

दगड परत हलवायचा का, असं मी विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली. जागेची तिला सवय करून घ्यायची होती. शेजारची जमीन तिने हाताने चाचपून पाहिली, बसायची जागा पाहावी तशी. प्राध्यापिकेने मोबाइलवर खुल्या नकाशात त्या कोपऱ्यावर ठिपका ठेवला आणि तिला दाखवला.

"आता कोनी हलवन का याले?"

"नकाशा कोणाचा हात धरू शकत नाही, बाई," प्राध्यापिका म्हणाल्या. "पण हलवलं तर कुठे होता हे विचारता येईल."

बाईला तेवढं पुरलं. डायरीत रायटरने लिहिलं, सदर दगड मिळून आला. मी ते खोडून 'माणूस मिळून आला' लिहायला लावणार होतो, पण वरिष्ठांची तपासणी जवळ आली होती.

या केसने मला काय शिकवलं, असं विचारलं तर एवढंच सांगेन. वाढत्या गावात कायमची खूण अशी नसते. विहिरी बुजतात, वळणं सरळ होतात. खूण असते ती कोणाच्या तरी आठवणीत, आणि ते माणूस आहे तोवर विचारून ती नकाशावर आणून ठेवावी लागते. ते काम पोलिसाचं नाही म्हणून मीही कधी केलं नव्हतं.

मी निवृत्त झाल्यावर सुनेचा फोन आला. म्हातारी गेली होती. मी बसने गडचिरोलीला गेलो. शेडखाली दोन दगड होते, दुसरा जरा बुटका, अजून त्याला माती लागलेली. प्राध्यापिका आल्या होत्या. त्यांनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाल्या, "सर, हा ठिपका तुम्ही ठेवा." आयुष्यभर मी नकाशात प्रेतं, चपला, सुरे दाखवले. माझं जाड बोट दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा ठिपका नेमका बसला.

तो नकाशा मी अजून मोबाइलवर उघडतो. खूप जवळ नेला तर ठिपके दोन दिसतात. जरा लांब केला की एकच होतो. मी तो लांबच ठेवतो.