काठोकाठ भरलेला पेला

आप्पा मुकादम चहा प्यायचे नाहीत, चालवायचे. पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढायचा, टपरीवर तो काठोकाठ भरून घ्यायचा आणि रस्त्याच्या कडेला नुकत्याच खणलेल्या चरात तिरकं उतरायचं. तळातून दहा पावलं चालायचं आणि त्याच बाजूने चढून पुन्हा रस्त्यावर यायचं. वाटेत थेंबभर जरी चहा सांडला तरी चर नापास! मग गार झालेला चहा एका घोटात घशाखाली घालून आरोळी ठोकायची, "पुन्ना काप!" पोकलेनवाला कपाळावर हात मारून घ्यायचा.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे आमचं काम चाललं होतं. मी कंत्राटदाराची साइट इंजिनिअर. कामोठ्याहून स्कूटीवर डबा, हेल्मेट आणि पदवीचा तोरा असं सगळं घेऊन यायचे. आप्पा साठी उलटलेले, तिथल्याच गावचे. काटकुळी अंगकाठी, डोक्याला टॉवेल, पायात कधीच न सुकणाऱ्या चपला. पहिल्याच दिवशी मी ऐकवलं, "आप्पा, हे चहाचं काय नाटक आहे? उतार मोजायला टेप असतो."

"टेपला गरगरत नाय, म्याडम," आप्पा म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मी रागावले की मी म्याडम आणि खूश असले की बाय, असा त्यांचा हिशोब असावा असं मला आधी वाटायचं. नंतर कळलं की तो माझ्या नाही, त्यांच्या स्वतःच्या रागावर चालायचा. पेल्यामागची गोष्ट त्यांनी सांगितली ती मी बाय झाल्यावर. "गाडीतला मानूस असाच काठोकाठ भरलेला असतो, बाय. डुलकी लागली, कुत्रं आडवं आलं, चाक रस्ता सोडून खाली उतरलं, तरी तो सांडला नाय पायजे. आनि निसतं उतरून काय उपेग? उतरनं कोनाला पन जमतं. परत वर येता आलं पायजे."

या माणसाला स्वस्थता म्हणून माहीत नव्हती. जेवायचे उभ्याने, पगार घ्यायचे उभ्याने. एकदा नवरा-बायको पेणला लग्नाला निघाले होते. आप्पांना खिडकीतून रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या एका मोरीचं तोंड तुंबलेलं दिसलं. गडी घंटी मारून एसटीतून खाली! काकू एकट्या लग्नाला गेल्या, जेवून आल्या, आणि येताना बघतात तर आप्पा इस्त्रीच्या सदऱ्यासकट चिखलात. काकू मला म्हणाल्या, "ह्यो चितेवर पन उठून बसंल बग, लाकडं निट रचली का ते बगाया."

बाप मिठागरात राबलेला, आप्पाही विशीपर्यंत तिथेच. मिठाच्या वाफ्यात पाणी बोटभर इकडचं तिकडे झालं तरी महिन्याची मेहनत वाया, त्यामुळे त्यांचा डोळा पाण्याच्या बाबतीत भलताच तयार होता. चराच्या तळात अर्धी बादली ओतायची आणि पाणी कुठे जातं ते बघायचं, एवढीच त्यांची तपासणी. एकदा मात्र माझ्या यंत्राने तळात दोन बोटांचा उंचवटा दाखवला आणि आप्पा म्हणाले, "नाय." मी म्हटलं, "हाय!" जोरात पाऊस आला आणि नेमकं त्या उंचवट्यामागेच डबकं साचलं. आप्पा दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. दुपारी गुपचूप माझ्या डब्याशेजारी तांदळाची भाकरी आणि सुकट येऊन पडली. माफी मागायची ही पद्धत मला इतकी आवडली की मी अधूनमधून उगाच वाद काढू लागले.

पण खरा वाद झाला तो चिंचेच्या वळणावर. तिथे जुना खोल चर होता, दोन्ही बाजू भिंतीसारख्या उभ्या. नकाशात लिहिलं होतं, गाळ काढा आणि तसाच काँक्रीटने बांधून घ्या. आप्पा म्हणाले, "हा बुजवा. तीन-चार हात मागं सरकवून पसरट कापा."

"जागा कुठाय, आप्पा? नकाशा मंजूर झालाय."

"मंग मी उद्यापासून येत नाय, म्याडम."

असं म्हणून आप्पा बसले. अहो, चक्क बसले! त्या चराच्या काठावर, पाय आत सोडून. मी घाबरलेच. त्यांना कधी बसलेलं पाहिलंच नव्हतं.

"हा चर मी कापलाय," ते म्हणाले. "नकाशात होता त्याच्यापेक्शा जास्त उबा. सुरीनं वडी कापावी तसा. तवाच्या साहेबानं सगल्यांसमोर माजी पाठ थोपटली. पुढच्या पावसात भाजीचा टेम्पो उतरला. उतरला कसला, उलटाच झाला. आत पानी किती? गुडग्याएवडं! गुडग्याएवड्या पान्यात मानूस बुडतो काय? पन दार चराच्या भिंतीला टेकलेलं, उगडनार कुटं? मी मिठागरातला मानूस. उबी बाजू वाईट, हे मना ठाव होतं, बाय. पन मना शाबासकी पायजे होती."

मीही त्यांच्या शेजारी बसले. समोरून गाड्या जात होत्या आणि दर गाडीला आप्पांचा गुडघा हलत होता.

चरामागची जागा कुणाची, तर आप्पांचीच! रस्त्यालगत उरलेली शेवटची पट्टी. मुलाने तिथे भराव टाकून गाळे काढायचं ठरवलं होतं. आप्पांनी घरी विषय काढला तेव्हा मी कागद घेऊन ओट्यावर उभी होते. मुलगा भडकला, "लोकं रस्त्याची जागा मिलवायला धडपडतात, आनि तुमी ती चराला देताव?" त्याचंही काही चुकत नव्हतं. आप्पा नुसते अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी काकू आतून बाहेर आल्या. "दे रं ती पट्टी. त्या टेम्पोपासून ह्या मानसाचा दुपारी डोला लागला नाय. जरा झोपंल तरी." मुलाने माझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि म्हणाला, "गाले मागं सरकवतो."

नकाशा बदलायला मी आमच्या साहेबांकडे तीनदा फाइल नेली. साहेब ओरडले. तिसऱ्यांदा मीही ओरडले, आणि आश्चर्य म्हणजे त्याचाच उपयोग झाला. चर कापून झाला तेव्हा आप्पांनी भरलेला पेला थेट साहेबांच्याच हातात दिला. "चाला." साहेब बिचारे बूट घालून उतरले, तळातून चालले, आणि वर येताना एका जागी चहा त्यांच्या पॅंटवर. साहेबांनी पॅंटकडे पाहिलं, मग उताराकडे, आणि स्वतःच म्हणाले, "पुन्हा काप." आप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा गरम चहा प्यायला.

वाटलं होतं, आता तरी स्वस्थ होतील. डोंबल! रोज संध्याकाळी वळणावर जाऊन उभे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "आजून एक पन गाडी उतरली नाय. उतरू नये म्हंजे बरं. पन उतरल्याबिगर कलनार कसं, चर बरोबर हाय का ते?" यावर मी काय डोकं लावणार!

पुढे माझी बदली दुसऱ्या साइटवर झाली, आणि आप्पांची उजवी बाजू लकव्याने गेली. मी भेटायला गेले तेव्हा खाटेवर पडलेले होते, पण डाव्या हाताची बोटं चादरीवर सारखी चालत होती. उतरायची, चढायची. काकू म्हणाल्या, "रात दिस ह्येच." फार वाईट वाटलं मला. ज्या माणसाला बसणं माहीत नाही, त्याला देवाने झोपवून ठेवावं?

श्रावणात एका सकाळी मी स्कूटीवरून त्या रस्त्याने चालले होते. चिंचेच्या वळणावर नजर आपोआप डावीकडे वळली, आणि मी करकचून ब्रेक मारला. रस्त्याच्या कडेपासून चाकांच्या दोन ताज्या रेघा गवत चिरत चरात उतरल्या होत्या. तळातून थोड्या वाकड्यातिकड्या गेल्या होत्या आणि तिथून वर चढून परत रस्त्याला लागल्या होत्या. बाकी काही नाही. काच नाही, चप्पल नाही, माणसांची गर्दी नाही. कोण होता, कुठला होता, देव जाणे. शिवी हासडून, पाणी पिऊन पुढे गेला असेल. मी भर रस्त्यात एकटीच टाळ्या पिटल्या.

फोटो काढून मी तडक आप्पांच्या घरी गेले. फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. खूप वेळ पाहत राहिले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले. "भायेर... निंगाली?"

"निघाली, आप्पा! स्वतःची स्वतः निघाली. हे बघा ना, इथून वर."

पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली. आता हे रडणार, असं मला वाटलं. पण त्यांचं डावं बोट फोटोवर एका जागी टेकलं. तिथे एका चाकाची रेघ जास्त खोल रुतली होती.

"पानी... उबं रातंय. मोरी... बग, म्याडम."

म्याडम! मी हसले, रडले आणि तशीच उठून परत वळणावर गेले. बघते तर खरंच, मोरीच्या तोंडाशी सिमेंटची रिकामी गोणी अडकलेली. चिखलात उतरून ओढून काढली. साचलेलं पाणी हळूहळू निघून गेलं, ते पूर्ण जाईपर्यंत तिथेच थांबले.

आप्पा दिवाळीच्या आधी गेले. तेव्हा मी बाहेरगावी होते, पोचता आलं नाही, त्याची रुखरुख अजून आहे. त्यामुळे माझ्या लेखी निरोप झाला तो श्रावणातल्या त्याच दिवशी. गोणी निघाल्याचं सांगायला मी चिखलाच्या पायांनी त्यांच्या अंगणात शिरले, तर काकू दारातच ओठांवर बोट ठेवून उभ्या.

"झोपलाय," त्या कुजबुजल्या. "तू गेलीस आनि डोला लागला. भर दुपारचा, बाय! उटवू?"

"नको, नको," मी म्हटलं.

त्यांनी चहा आणून दिला, आप्पांच्याच पेल्यात, काठोकाठ. ओट्यावर खुर्ची होती. काकू दोनदा म्हणाल्या, "बस गो." पण मला काही केल्या बसवेना. पेला हातात धरून मी त्या अंगणात फेऱ्या घालत राहिले, सांडू न देता.